बार्शीची दाढ

३० मार्च २०२०

गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या! कोरोना आत यायला नको म्हणून. पहाऱ्याला बंकट. जन्मात कधी लवकर उठला नाही, आता पहाटेपासून काठी घेऊन उभा. तोंडाला बायकोची ओढणी!

मला तर मजाच वाटते. छातीतल्या गाठीसाठी केमो सुरू झाला तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं — तोंड झाका, हात धुवा, गर्दीत जाऊ नका. तेव्हा मी एकटी होते. आता अख्खं गाव माझं पथ्य पाळतंय.

पण शुक्रवारी तिसरा डोस. बार्शीला. काट्यांच्या पलीकडे! आणि यांचं एकच — "वर्षाराणीचं जमेपर्यंत कॅन्सरचं नाव काढायचं न्हाई. आईला झाला म्हणलं की लेकीलाबी होईल म्हणतेत लोक." म्हणून गावापुरती माझी दाढ दुखते. केस गेले तरी दाढच! पदर आहे म्हणून निभावतंय.

३ एप्रिल

बंकटने अडवलंच.

"दाढंसाठी बार्शी? कावून? केजात दाताचा डॉक्टर न्हाई व्हय?"

"बंद हाय."

"मंग लवंग धरा, काकी."

जीप चालवणारा शेजारचा अजिनाथ घामाघूम. आता काय करावं? खोकले! दोनदा, चांगली पोटातून. सगळे पहारेकरी लिंबाखाली पळाले. एकाने पळतापळता काट्या तेवढ्या बाजूला ओढल्या. कळंब येईपर्यंत आम्ही हसत होतो.

५ एप्रिल

हसू अंगाशी आलं. येताना गावात घेतलंच नाही. "खोकला हाय, आखाड्यावर ऱ्हावा." मग मी शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, सोबतीला हे. वर्षाराणी घरी, फोनवर रडते. मला उलट्या. पाण्यालासुद्धा लोखंडाची चव.

बंकटची बायको सुनिता दूध आणते. बांधावर ठेवते, पण लगेच जात नाही. आज लांबूनच विचारलं, "काकी, कुठली दाढ हाय ओ?"

म्हटलं, "अक्कलदाढ! उशिरा आली."

हसली नाही. असतं एखादं माणूस गंभीर.

११ एप्रिल

तोंड आलंय. स्वयंपाक हे करतात. भाकरीच्या आकाराबद्दल इथे काही लिहीत नाही. दुधात कुस्करून खाल्ली.

२२ एप्रिल

अजिनाथचा फोन. "काकी, आई म्हणती तुमी गाडीत बसलात तर ती मला घरात घेणार न्हाई."

परवा डोस! दुसरी गाडी मिळेना. हे वेशीवर जाऊन आले. बंकट म्हणाला म्हणे, "दाढंला खोकला येतो व्हय, मोहनराव?" आता बोला!

डोस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. आणि मीच खोकून माझी वाट बंद करून बसले. आज भीती वाटते. खरीखुरी. मला मरायचं नाही. वर्षाराणीच्या लग्नात मला मिरवायचंय, टक्कल असलं तरी.

२३ एप्रिल

सकाळी यांना न विचारताच वेशीवर गेले. मला बघून पहारेकऱ्यांनी लांबूनच काठ्या उगारल्या. मी पदर खाली घेतला. डोकं काय चमकलं असेल उन्हात!

"कोरोना न्हाई रे मुडद्यांनो. कॅन्सर हाय मला. उद्या बार्शीला न्हाई गेले तर मरन मी."

काठ्या खाली आल्या. मग बंकटने भला मोठा श्वास सोडला.

"कॅन्सर हाय व्हय! मंग आधी सांगायचं की, काकी! आमी हितं लई भ्यालो." आणि मागे वळून ओरडला, "ए, काई न्हाई बे! कॅन्सर हाय!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्या आजाराचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता! मी तिथेच मातीत बसून हसले. हसताहसता रडू आलं, मग रडूनही घेतलं. काट्या बंकटने स्वतः ओढल्या. अजिनाथच्या आईला फोनही त्यानेच केला. सुनिता त्याची भाकरी घेऊन आली होती, ती माझ्या डोक्याकडे बघत तशीच उभी राहिली.

हे खूप रागावले. "लेकीचं आता कसं व्हायचं?" रात्री जेवताना म्हणाले, "उद्या मी येतो संगं."

२४ एप्रिल

चौथा डोस झाला. हे दवाखान्याच्या दारात माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले!

२६ एप्रिल, आखितीचा सण

बार्शीहून आलो म्हणून अजून आखाड्यावरच आहोत. सुनिता आमरस घेऊन आली. आज बांधावर थांबली नाही, थेट आत आली. तांब्या खाली ठेवला.

"काकी, तुमची गाठ दुखायची?"

"न्हाई ग. म्हणून तर लवकर कळलं न्हाई."

तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेजवळ नेला.

"माझीबी दुखत न्हाई."