फोटोतली माझी बहीण

तोंगयोंग, ११ नोव्हेंबर

चि. दासोल हिस बोक्योंगताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काल कालवं सोलायच्या शेडमध्ये एकीने मोबाईलवर फोटो दाखवला. गायक हानब्योलच्या इमारतीबाहेर दबा धरून बसलेली मुलगी. चेहरा पुसलेला, पण गळ्यात मी विणलेला पिवळा मफलर. खाली लिहिलेलं, 'सासेंग'. मी अर्थ विचारला, तर बायका म्हणाल्या की गाण्यावर जीव टाकतो तो चाहता, गाणाऱ्याच्या घरात घुसते ती सासेंग. असल्या कार्टीला फोडून काढलं पाहिजे, असंही म्हणाल्या. मी मान खाली घालून सोलत राहिले. बोट कापलं.

ती तू नाहीस असं लिही, बाई. असशील तर खरं लिही. वेळेवर जेवतेस ना? ताईवर माया राहू दे.

तुझी,
ताई


सोल, १५ नोव्हेंबर

ती. ताईस दासोलचा सा. न. वि. वि.

ती मीच. आई गेली त्या हिवाळ्यात, या काडेपेटीएवढ्या खोलीत, त्याचा आवाज तेवढा सोबतीला होता. आधी कार्यक्रमांना जायचे, मग विमानतळावर, मग त्याच्या दाराशी. मी काढलेले त्याचे फोटो मिटक्या मारत बघणाऱ्या मुलीच आता मला सासेंग म्हणतात. त्यांचा फार राग आला होता.

पण परवा मी त्याच्या लिफ्टमध्ये शिरले. वाटलं, ओळखून हसेल. तो कोपऱ्यात सरकला. एवढंच म्हणाला की हवा तर फोटो काढ, पण आज वर येऊ नकोस, आई आली आहे. ताई, त्याला माझी भीती वाटली! कोंबडीला घाबरणाऱ्या माझी!

येत्या शुक्रवारी एकदाच जाऊन माफी मागणार. रागाव, पण टाकू नकोस.

तुझी,
दासोल


तोंगयोंग, १९ नोव्हेंबर

चि. दासोल, आशीर्वाद.

जाऊ नकोस गं. माफीसाठी गेलीस तरी त्याच्या दारात पुन्हा तूच उभी ना? केलंस ते वाईटच, मी पांघरूण घालणार नाही. पण शेडमध्ये सांगून टाकलं, की फोटोतली माझी धाकटी बहीण आहे. तिला नावं ठेवायची तर माझ्या तोंडावर ठेवा. मग म्हाताऱ्या गुम्नेमावशी म्हणाल्या, की किमची घालायचे दिवस आलेत, कोबीला मीठ चोळायला हात कमी पडताहेत, पोरीला बोलावून घे.

ये. अंथरूण उन्हात टाकलंय.

ताई


सोल, २२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र आलं तेव्हा मी बूट घालत होते. वाचूनही निघाले, खोटं कशाला बोलू. इमारतीसमोर सामानाचा ट्रक उभा होता. त्याची आई छातीशी कुंडी धरून उभी. माझ्यासारख्यांमुळे घर सोडून चालले होते ते. माझ्या टॅक्सीवाल्याने विचारलं, की ट्रकच्या मागे लावू का. हे असं विचारायची त्यालाही सवय झालेली! मी नको म्हणून उतरले आणि उलट्या दिशेने चालत सुटले. ट्रक कुठे वळला, पाहिलं नाही. रडू येत होतं, पण वळून पाहिलं नाही.

बुधवारी दुपारच्या बसने येते. स्थानकावर येशील? कुणीतरी माझी वाट पाहत उभं आहे, असं एकदा बघायचंय.

तुझीच,
दासोल