वडिलांच्या शिक्षणाचा रकाना

४ जून

सरकारी मदतीचा फॉर्म आला. सोळा पानं! कॉलेजात जाणार पोरगी, चौकशी सगळी आमची — बाप कधी जन्मला, आई कुठे राबते. पोरगी म्हणाली, घरातलं आजवर कुणीच कॉलेजात गेलं नसेल तर पूर्ण मदत, नाहीतर निम्मी. पूर्ण मिळाली तरच वसतिगृह. नाहीतर बसने रोज दोन तास जा, दोन तास ये.

मी म्हटलं, मग काळजी कसली? माझी तिसरी, तुझ्या बापाची चौथी. पूर्णच मिळणार!

हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी यांच्या जन्मतारखेचा कागद हवाच म्हणे. यांच्या जुन्या शाळेत खेप घालणं आलं.

५ जून

धुलाईखान्यात चादरींचा डोंगर. मुकादम म्हणतो, सुट्टी शुक्रवारी.

८ जून

शाळेतल्या कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "दहावी पास. वर्गात दुसरा. दाखला कॉलेजसाठी नेलाय."

मी म्हटलं, माणूस चुकला तुमचा. त्याने रजिस्टरच माझ्याकडे फिरवलं. नाव यांचं, गल्ली यांची, सहीसुद्धा यांचीच.

तारखेचा कागद घेतला. बाहेर पायरीवर बसून राहिले.

९ जून

दिराला गाठलं. आधी चहा ढवळत बसला. मग कबूल झाला — यांनी कॉलेज एक वर्ष केलं, तेवढ्यात सासरे अंथरुणाला खिळले, हे धुलाईखान्यात बॉयलरवर लागले. मग मला चौथी का सांगितलं?

"वहिनी, लग्न ठरताना तुम्हीच निरोप धाडला होता. जास्त शिकलेला नको, उठता-बसता माझी अक्कल काढेल. दादा म्हणाला, मग माझी चौथी."

धाडला होता खरा. माझं तोंड कुठे गप्प बसतं!

११ जून

इस्त्री फिरवताना दिवसभर तो संध्याकाळचा वर्ग डोळ्यापुढे. मोठ्या वयाच्या माणसांचा, लग्नानंतर आम्ही दोघं जायचो तो. मी एकटी जात नाही म्हटलं, तर हे म्हणाले, मला तरी कुठे धड येतं, चल. छोट्या बाकात यांचे गुडघे मावायचे नाहीत. बेरजेत हातचा हमखास विसरायचे. मी कोपर मारायचे — अहो, एवढंही डोक्यात शिरत नाही? मान खाली घालून हसायचे. घरी जाताना वाटभर मी यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे! साताच्या पाढ्यात अडकायचे, मी दामटून पुढे न्यायचे. वर्गाच्या बाई म्हणाल्या, दोघांत तुम्ही हुशार. केवढी मिरवले मी. आठवडाभर यांना तेच ऐकवलं.

कॉलेजात गेलेला माणूस. साताचा पाढा!

चादर जळता जळता वाचली.

१३ जून

पोरीला सगळं सांगितलं. शिक्षणाचा रकाना आपल्याच हाताने भरायचा, त्याला दाखला मागत नाहीत. मी म्हटलं, लिही चौथी. माझ्यासाठी जन्मभर चौथी सांगितलं, लेकीसाठी अजून एकदा सांगतील. खाली सही ठोकली आणि फॉर्म तिच्या हातात दिला.

१४ जून

देऊन आली. सुटले.

२ जुलै

मंजुरीचं पत्र आलं. निम्मी! उद्या त्या कचेरीत एकेकाला बघते.

३ जुलै

कचेरीतल्या बाईने आमचाच फॉर्म पुढे ठेवला. वडील — कॉलेज, एक वर्ष. अक्षर पोरीचं.

घरी येऊन तिला धरलं. म्हणाली, "आई, घरातली पहिली मी नाही. मी दुसरी आहे."

फाडफाड बोलायला तोंड उघडलं होतं. विचारलं एवढंच — सकाळची बस कितीची?