बोंबील उतू गेले

३ नोव्हेंबर २०२५

बोईसरला मुलाकडे फोन लावून एकेकाची खबर घेतली. प्रफुल्लची कंबर? बरी. सुनेचा, दीपालीचा, बसलेला घसा? सुटला. प्रणवच्या दाताची तार टोचते का? "नाय, आजोबा!" सगळ्यांचं विचारून झालं, फोन ठेवतोय तोच आतून जयवंती ओरडली, "अवो, बोंबील उतू जातात!"

दूध म्हणायचं होतं. गणपतीपासून हिचं असंच चाललंय. कोयत्याला कंगवा म्हणते, आणि मला कैलास — तो तर तिचा भाऊ! मी म्हटलं, "आता चहापण बोंबलाचाच पाज." हसली. मीपण हसलो. गावभर चौकशी करणारा मी, हिची कोण करणार?

तीन वर्षांमागे करवतीने कवटी उघडून हिच्या डोक्यातली गाठ काढली होती. या पावसाळ्यात परत तपासणी होती. मीच म्हटलं — बरी तर दिसते, पानवेलीचं काम उरकू दे आधी.

८ नोव्हेंबर

एमआरआय झाला. गाठ परत आलीय.

९ नोव्हेंबर

दीपाली इथे एडवणला आली ती दारातच रडायला लागली. "बाबा, मी तर पाहुण्यांसमोर आईंना मुद्दाम बोलायला लावायची हो!" तिची काय समजूत घालू? पहिला हसणारा मीच.

१४ नोव्हेंबर

मुंबईच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नीट समजावून सांगतात. गाठ बोलण्याच्या जागेला लागून आहे. लेझर करू म्हणाल्या. प्रफुल्लने विचारलं, "आमच्या कंपनीत लेझरने पत्रा कापतात, तेच का?" बाई हसल्या. "कापायचं नाही, शिजवायचं." बारीक भोकातून काडीएवढी तार आत घालायची, एमआरआयमध्ये बघत बघत गाठ आतल्या आत तापवायची.

जयवंतीने एवढंच विचारलं, "करवत?"

"करवत नाही, आजी. एक टाका."

ही माझ्याकडे बघतच राहिली. घाबरली असेल, असं वाटलं मला.

बाहेर आल्यावर बाई मला एकट्याला म्हणाल्या, "सुपारीएवढी होती तेव्हा यायला हवं होतं, आजोबा. आता बरीचशी जळेल, कडेची राहील." शब्द चुकायला लागले तेव्हा सुपारीएवढीच असेल. आणि आम्ही हसत होतो!

२१ नोव्हेंबर

लेझर झालं. घरी आणली. खरंच एकच टाका! पण तोंडातून शब्द नाही. सूज उतरली की बोलतील म्हणतात. चुकीचं तरी बोल गं बाई.

२६ नोव्हेंबर

दूध उतू गेलं. कोणी ओरडलं नाही.

७ डिसेंबर

आज बोलली. एकेक शब्द वेचत. "मला... कळायचं. शब्द चुकतात ते."

"मग सांगितलं का नाय?"

"तुमी हसले. म्हटलं, हसू दे. थट्टाच समजू दे. सांगितलं तर... परत करवत."

करवतीला भिऊन लपवलं हिने. आणि आता हे एका टाक्यात होतं, ते तिला माहीत नव्हतं, मला नव्हतं.

ही वही आता तिच्या उशाशी ठेवतो. जयू, पुढचं पान तुझं. आणखी काय काय लपवलंस ते लिही. चुकीचे शब्द चालतील. पण लवकर लिही.