लाल खडूची फुली

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण तुमच्यावरचा माझा राग काही जायला तयार नाही. पंधरा दिवसांपूर्वी तो भर ऑफिसात माझ्याच तोंडून बाहेर पडला.

आपल्या या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगरात, मी बारा जणांची टीम सांभाळते. धान्य व्यापाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. पूर्वी वर्षभर आपापलं बनवायचं आणि शेवटी दाखवायचं. आता कंपनीने नवी पद्धत आणली आहे : दर पंधरा दिवसांनी जेवढं झालं, जसं झालं, तसंच गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. ती टीमच्या अंगवळणी पाडायची जबाबदारी माझी, आणि मलाच ती सोसत नाही. त्या दिवशी आमच्यातल्या वयाने मोठ्या दीदींनी जवळच्या पाटण गावच्या व्यापाऱ्याला अर्धाच स्क्रीन दाखवला; त्यात धान्याचं वजन आधी होतं. तो म्हणाला, "दीदी, पहले बोली लगती है, तौल बाद में." पुढचे चार महिने चुकीच्या वाटेने गेले असते, ते वाचले. आणि मी? तो जिना उतरताच सगळ्यांदेखत त्यांच्यावर कडाडले, "आधा काम दिखाने में शरम नहीं आती?"

हे शब्द तुमचे. आठवीत मी प्रदर्शनासाठी विजेची घंटा बनवत होते. तुम्ही फॅक्टरीतून येऊन स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले, आई पोळ्या लाटतेय, आणि मी घंटा बसवलेली लाकडी पाटी तुमच्यापुढे धरते. "अर्धवट काम काहून दाखवून राहिली? असा माल मी रोज फेकून देतो." माल नापास करायचा तुमचा इन्स्पेक्टरचा लाल खडू खिशातून काढून तुम्ही पाटीवर फुली मारलीत आणि चहा संपवलात. आई म्हणाली, "जाऊ द्या ना जी, लेकरू आहे." तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही कुणाचंच कधी ऐकलं नाहीत. त्यानंतर मी पुरं झाल्याशिवाय कुणालाच काही दाखवलं नाही, दुखणंसुद्धा नाही.

आज पुन्हा दाखवायचा दिवस होता. व्यापारी पाटणहून आला, खुर्ची ओढून बसला. मी एकेकाला विचारत गेले. बाराही जण म्हणाले, "थोड़ा बाकी है." दीदी सगळ्यांत आधी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "फिर बुलाया काहे को?" असं म्हणून तो उठून गेला.

बाबा, ती घंटा वाजत नव्हती. कुठे चुकतंय ते तुम्ही सांगाल, म्हणूनच मी ती घेऊन आले होते. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आणि दीदींची माफी मी अजून मागितलेली नाही.