बर्फातली टोपलीवाली

आये, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात माझ्याशिवाय तुझी आठवण कुणी काढत नाही. आज लिहायला बसले ते एका चित्रामुळे. लेकाकडे कॅनडाला आले आहे. त्याने काल इथल्या संग्रहालयात नेलं. तिथे एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र होतं. चहूकडे बर्फ, आणि त्यातून पाठीवर टोपल्यांचा भारा घेऊन चाललेली इथल्या मूळ रहिवाशांतली एक बाई. शेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव ठळक. तिचं नावच नाही, नुसतं ‘टोपल्या विकणारी’. मला रागच आला. जवळपास एक घर नाही, चुलीचा धूर नाही. हिने हाक मारायची तरी कुणाला?

तू निदान हाक मारायचीस. अजून आठवतं, चवथीचे दिवस जवळ आलेत, गौरीच्या ओवशासाठी, तिच्यापुढे वाण भरून ठेवायला लागणारी नवी सुपं डोक्यावर घेऊन आपण पेडण्याकडच्या वाड्यांतून फिरतोय. प्रत्येक घरापुढच्या खळ्याच्या, अंगणाच्या कडेला तू थांबतेस, “सुपां व्हयी गे बाये?” म्हणतेस. बायका हौसेने सुपं निवडतात, पण पायरी चढ असं कुणी म्हणत नाही. तूही मान वर करत नाहीस. एकदा चोपड्याच्या फेरीबोटीत एका गोऱ्या पर्यटकाने तुझ्यावर कॅमेरा धरला, तेव्हा मात्र भडकलीस. “माज्या तोंडाचां काय करतलो तो? सूप घे म्हण तेका!” असं मला म्हणालीस आणि सूपच तोंडापुढे धरलंस. मी हसून हसून बेजार झाले होते. त्याने फोटो काढलाच. तुझा तेवढा एकच फोटो कुणी काढला, आणि तो कुठल्या मुलखात गेला देव जाणे.

संग्रहालयाच्या दुकानात त्या चित्राचं कार्ड मिळालं, ते घेतलं. घरी नातीने विचारलं, “आजी, ही कोण?”

“माझी आई,” मी बोलून गेले.

“एवढ्या थंडीत कुठे चाललीय?”

“विकायला. विकून झालं की घरी येईल.”

तिने कार्ड अगदी डोळ्यांजवळ नेलं. “ती खरंच अशी दिसायची?”

मी हो म्हटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. तुझा आवाज अजून कानात आहे, सुपं विणताना बांबूच्या बेळांनी, त्या धारदार पट्ट्यांनी चिरलेली बोटं आठवतात. चेहरा आठवत नाही गे, आये.