माझ्या हातचं पाणी

आण्णा,

परवा मी शेजारच्या बाईला तुमच्या पंथाच्या बैठकीचा पत्ता दिला. तिचा नवरा रोज पिऊन येतो, भिंतीतून सगळं ऐकू येतं. सकाळी जिन्यात तिनं मला गाठलं. "तुमच्या वडलांची सुटली हुती न्हवं? कशानं सुटली, सांगा की." जिथून बाहेर पडायला माझी इतकी वर्षं गेली, तिथलाच रस्ता मी तिला सांगितला. मग घरात आले, दार लावलं आणि ओट्याला टेकून खूप रडले. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुम्ही पलटणीतून पेन्शनीत आलात तेव्हाचं कुंडलचं घर मला आठवतं. आई चुलीपुढं बसलेली असायची, आणि दारात तुमची मोटरसायकल वाजली की तिचा भाकरी थापणारा हात थांबायचा. मग गावातल्या कुणीतरी तुम्हाला बैठकीला नेलं. तुम्ही पंथाची माळ गळ्यात घातलीत, पाठोपाठ आईच्या आणि माझ्याही, आणि दारू गेली ती गेलीच. त्या वर्षी आई पहिल्यांदा आपल्या पंगतीला बसून निवांत जेवली. हे मी विसरलेले नाही. पंथाविषयी कुणी वेडंवाकडं बोललं तर अजूनही माझ्या तोंडून येतं, आमचं घर त्यांनी वाचवलं. पण वाचवलेलं घर त्यांनी आपल्याला परत दिलं नाही, आण्णा.

माळ नसलेल्याच्या हातचं खायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. जत्रा नाही, शाळेचं गॅदरिंग नाही, मामाच्या घरचं लग्न असलं तरी अक्षता टाकून उपाशी परत. मी चौथीत असताना संक्रांतीला बाईंनी हातावर तिळगूळ ठेवला आणि मी तो खाल्ला. घरी येऊन मीच तुम्हाला आनंदानं सांगितलं. तुम्ही मारलं नाहीत. चुळा भरायला लावल्यात, अंगणात बसवलंत आणि माझं ताट वेगळं काढलंत. "बाटलीस तू. पुढल्या बैठकीपतूर हितंच जेवायचं." तुमचा आवाज शांत होता. पिऊन केलेल्या आरडाओरड्याची मला सवय होती. त्या शांत आवाजाची भीती मात्र अजून जात नाही.

आणि तुम्हीच, मला शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा, तुमची पलटणीतली काळी ट्रंक बाहेर काढलीत. उन्हात बसून तिच्यावरचा तुमचा नंबर घासून काढलात, पांढऱ्या रंगानं माझं नाव लिहिलंत. एक अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा लिहिलंत. एवढी माया असलेला माणूस एवढा कठोर कसा होऊ शकतो, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शिरवळला खोलीवरच्या मुली एकत्र रांधायच्या, मी माझ्या वेगळ्या स्टोव्हवर. एकदा मला सणकून ताप आला. खोलीतल्या मैत्रिणीनं तांदळाची पेज केली, मीठ घालून पुढं धरली. "घे गं दोन घास. तुजी माळ काय पळून जाती व्हय?" मी प्याले. मग अंथरुणात पडून काहीतरी वाईट होण्याची वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. ताप उतरला, एवढंच. त्यानंतरही माळ गळ्यातून निघायला बरीच वर्षं लागली. काढली तेव्हा लपवायची नाही असं ठरवून गावी आले. तुम्ही उसाला पाणी देत होता. बांधावरूनच मी सांगितलं. तुम्ही कितीतरी वेळ माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघत राहिलात.

"लेक न्हाईस असं म्या म्हननार न्हाई," तुम्ही म्हणालात. "पर आजपासनं तुज्या हातचं मला चालायचं न्हाई." आणि खोरं घेऊन पाटाकडं वळलात.

तुम्ही शब्दाला जागलात. लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर यायची, तुम्ही त्याच्याशी उसाचं, कारखान्याचं बोलायचात. माझ्या लेकीला मांडीवर घ्यायचात. ती अर्धं बिस्कीट तुमच्या तोंडाशी न्यायची. तुम्ही 'आं' करून खोटंखोटं चावायचात आणि बिस्कीट हळूच खिशात टाकायचात. ती टाळ्या पिटायची. मी सोप्यातून बघत बसायची.

मग सांगलीचा दवाखाना. तुमची डावी बाजू गेलेली. आई औषधं आणायला खाली गेलीय. तुम्ही डोळे उघडता, "पानी" म्हणता. मी पेला भरून ओठांशी नेते. तुम्ही माझ्याकडं बघता आणि ओठ मिटून घेता.

"तुज्या आईला यीऊ दे."

ओठांना भेगा पडलेल्या. "आवं आण्णा, हितं कोण बघतंय?"

"म्या बघतोय की."

मी पेला मागं घेते, आणि तुम्ही चांगल्या हातानं माझं मनगट धरता. आई येईपर्यंत सोडत नाही. आई येते, आपल्या दोघांकडं बघते. माझ्या हातातला पेला घेते. ते पाणी ओतून देत नाही, नवं भरत नाही. तोच पेला तुमच्या ओठांना लावते. तुम्ही तिच्याकडं बघता, मग माझ्याकडं. आणि पिता. तळापर्यंत पिता.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात. सगळं पंथाप्रमाणे झालं. तोंडात पाणी घालायला घरचे एकेक पुढं होत होते. माझी पाळी आली तेव्हा बैठकीतल्या एका माणसानं हात आडवा केला. मी भांडले नाही, मागं सरकले. तेव्हा वाटलं होतं, माझं पाणी तुम्ही आधीच घेतलंय. घरी साताऱ्याला परतताना एस.टी.त मात्र दुसरंच मनात आलं, आणि तिथून ते हललेलं नाही. तुम्ही ते माझं म्हणून प्यालात, की आईच्या हातचं म्हणून? की घसा इतका सुकला होता की तुम्हाला काही कळतच नव्हतं?

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आई आता माझ्याकडंच असते, तिची माळ गळ्यात आहे, तिचं ती वेगळं रांधते. आत्ता पलीकडच्या खोलीत लसूण सोलत बसलीय. तिला विचारलं तर ती सांगेल. इतक्या वर्षांत मी विचारलेलं नाही. "आगं, तहान लागली हुती त्यास्नी," एवढंच ती म्हणेल, याची मला भीती वाटते.