काकांच्या डोळ्यांचा नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.
नवी वही. शंभर पानी, रेघांची. वर नाव घातलेलं नाही, कारण ही वाचणारा मी एकटाच. चर्चमधल्या शनिवारच्या वर्गात फादर म्हणाले, रोज झोपण्यापूर्वी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीची झडती घ्यावी. मी सातला घेणार. झोपण्यापूर्वी मला झोप येते.
पान आखलं. तीन रकाने: गंभीर बाब, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती. तिन्हींत खूण पडली तर पाप मारक. एक जरी रकाना रिकामा राहिला तर क्षम्य. फादरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात नऊ जण होते. पट्टीने आखून घेणारा मी एकटा.
आजची पापं: आईने दोनदा हाक मारली, दुसरीला ओ दिली. ताईचा टॉवेल वापरला (तिचा आहे हे माहीत नव्हतं, म्हणजे पूर्ण जाणीव नाही). क्षम्य दोन, मारक शून्य. सुरुवात चांगली.

५ फेब्रुवारी, बुधवार. सं. ७.
चष्म्याच्या दुकानात गर्दी. गिऱ्हाइकाने डॉक्टरची चिठ्ठी आणली की तिच्यावरून जॉब कार्ड भरायचं, चिठ्ठी परत द्यायची, कार्ड आणि फ्रेम ट्रेमध्ये घालून मागे काकांकडे न्यायची. हे माझं काम. काका एकतीस वर्षं मशीनवर काचा घासतात. नात्याने कोणाचेच काका नाहीत, पण मालकसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. काकांचं म्हणणं, कार्डावर असेल ते काचेत उतरवायचं, जास्त अक्कल पाजळायची नाही.
आज शाळेच्या बसच्या ड्रायव्हरच्या कार्डावर चहाचा थेंब पडला. दुसऱ्याने चालवून घेतलं असतं. मी नवं कार्ड लिहिलं, जुनं फाडून टाकलं. माझ्या कार्डावर डाग नाही, खाडाखोड नाही. मालक ती गिऱ्हाइकांना दाखवतात.
आजची पापं: अभिमान (मागची दोन वाक्यं). क्षम्य.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सं. ७.
ड्रायव्हर चष्मा हातात घेऊन आला. म्हणाला, हा लावला की रस्त्याचे दोन होतात, आज बसचा आरसा फाटकाच्या खांबाला घासला, नशीब पोरं उतरली होती. मालकांनी काचा त्याच्या चिठ्ठीशी ताडून बघितल्या. उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला, डाव्याचा उजव्याला. मला म्हणाले, कार्ड आण.
कार्ड काढलं. कार्डावरच उलटं होतं. अक्षर सुरेख होतं.
मालक ड्रायव्हरशी बोलत होते. पेन हातात होतं. कोरी कार्डं समोर होती. नवं लिहिलं, नंबर सुलट करून. दीड मिनिट लागलं.
मालकांनी कार्ड बघितलं, काचा बघितल्या, मग काकांकडे बघितलं. काकांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. म्हणाले, मी तर कार्डाप्रमाणेच, आणि तिथेच थांबले. मालक हळू आवाजात म्हणाले, काका, वय कोणाला चुकलंय.
फार थकलो. झडती उद्या. रकाने आखून ठेवले आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सं. ७.
शांतपणे विचार केला. कृत्यं दोन.
पहिलं, ५ तारखेला नंबर उलटे लिहिले. जाणीव शून्य. फादरांच्या भाषेत हे मानवी कृत्यच नव्हे, शिंकेसारखं माणसाकडून नुसतं घडलेलं. निकाल लागला.
दुसरं, काल नवं कार्ड लिहिलं. जाणीव: खूण. पण पक्क्या सवयीने संमती कमी होते, असं वर्गाच्या पुस्तिकेत पान २२ वर आहे. मी चार वर्षं कार्डं नव्याने लिहितो आहे. हात आपोआप गेला. तिसरा रकाना रिकामा. गंभीर बाब: आरसा घासला, माणूस नाही. अर्धी खूण केली. अर्धी खूण फादरांनी शिकवलेली नाही, पण असायला हरकत नाही.
ताई म्हणाली, असं काय रे तोंड केलंयस, कोणी मारलं का तुला. म्हटलं, आज जेवायला नको. हे खरं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
पापनिवेदनाला गेलो. चौदा पापांची यादी, वेळेच्या क्रमाने. अकरावं: कामात निष्काळजीपणा (थोडा). फादरांनी जाळीआडून जांभई दिली असं वाटलं. (संशय घेणं: पंधरावं. लगेच सांगितलं.) ते म्हणाले, बाळ, पुढच्या वेळी यादी छोटी आण, मागे लोक उभे आहेत.
फार हलकं वाटलं. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सं. ७.
मालक म्हणाले, काकांचे डोळे जरा तक्त्यावर बघून घे. पडद्यामागे स्टुलावर काका बसले. हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. एक डोळा झाकून सगळ्या ओळी वाचल्या. दुसरा झाकून पुन्हा वाचल्या. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव आहे, मुंगीएवढं. तेही वाचलं.
मालकांनी बाहेरून विचारलं, काय रे, आहे का फरक? मी म्हटलं, थोडा फरक आहे.
हे खोटं नाही. कोणत्याही माणसाच्या दोन डोळ्यांत थोडा फरक असतोच.
काका म्हणाले, तरीच. फार पटकन म्हणाले.
मालकांनी नंबर विचारला. काहीतरी सांगणं भाग होतं. प्लस पाऊण सांगितला. याहून मोठाही सांगता आला असता.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सं. ७.
काकांनी चष्मा लावला. जॉब कार्ड मीच भरलं. डाग नाही.
दुपारी काका कपाळ दाबत बसले होते. काढतात, डोळे चोळतात, पुन्हा लावतात. म्हणाले, एकतीस वर्षं लोकांना चष्मे दिले, हे लोक कसं सहन करतात देव जाणे. दोन काचांचे टवके उडाले. आजवर असं झालं नव्हतं.
म्हणजे काकांचं काम बिघडलंय हे मालकांचं म्हणणं आता खरं आहे. आता खरं असलेलं तेव्हा कितपत खोटं होतं, हा सूक्ष्म प्रश्न आहे. फादरांना विचारायचा.
संकल्प: शुक्रवारी काकांना सगळं सांगणे. वेळ: जेवणाची सुट्टी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
काकांचं डोकं दुखत होतं. डोकं दुखणाऱ्या माणसाला असं सांगणं प्रेमाच्या आज्ञेविरुद्ध. सोमवारी.

३ मार्च, सोमवार.
मशीनचा आवाज फार.

४ मार्च, मंगळवार.
आज मशीन बंद होतं. इतक्या शांततेत मालकांना ऐकू गेलं असतं.

८ मार्च, शनिवार. सं. ७.
वर्गात फादर म्हणाले, आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर नुसती क्षमा मागून भागत नाही, ते भरून द्यावं लागतं. मी हात वर करून एका मित्राच्या वतीने प्रश्न विचारला. फादर म्हणाले, तुझ्या मित्राला वर्गानंतर आत पाठव.
आत गेलो. या वेळी सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. पान २२, सवय, शिंक, अर्धी खूण. वही जाळीला टेकवून दाखवायला गेलो, तर म्हणाले, राहू दे.  मग विचारलं, त्या माणसाला सांगितलंस?
रकान्यांबद्दल एक शब्द नाही.
प्रायश्चित्त: जाऊन सांगणे. मी विचारलं, त्याशिवाय प्रार्थना किती? म्हणाले, बाळ, मीही दमलोय. एवढंच कर.

१० मार्च, सोमवार. सं. ७.
सांगितलं. आज एकदाची ही गोष्ट संपली असं वाटलं होतं.
काका डबा खात होते. मी उभा राहूनच, तारखांसकट सांगितलं. चहाचा थेंब, पहिलं कार्ड, दुसरं कार्ड, तक्ता, पाऊण नंबर. काका घास चावत ऐकत होते. चष्म्यातून डोळे मोठे दिसतात त्यांचे. डबा बंद केला, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, पोरा, चांगल्या घरातला आहेस. म्हाताऱ्याचं मन राखायला सगळं स्वतःवर घेतोस. पण खोटं ते खोटंच. शनिवारी फादरांना सांगून टाक.
मी म्हटलं, शपथ. तर म्हणाले, आता खोटी शपथ पण? मग म्हणाले, अरे, मला कळतं ना. डोकं माझं दुखतं, काचा माझ्या हातून फुटतात.
मालकांकडे गेलो. तेच सगळं पुन्हा. मालकांचे डोळे पाणावले. म्हणाले, असा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही. काका या शनिवारी काम सोडतायत, त्यांनीच विषय काढला. सोमवारपासून मशीनवर तू बस.
घरी ताईला म्हटलं, खरं बोललं आणि कोणाला पटलं नाही तर काय करायचं? ती म्हणाली, तू एवढा वेळ घेतोस बोलायला, माणसाला वाटतं रचतोय.
आजची पापं: एकही नाही. दोन माणसांच्या मते, दोन.

१५ मार्च, शनिवार.
काकांचा शेवटचा दिवस. स्टुलावरची गादी मला देऊन गेले. दारात पायरीचा अंदाज चुकला, मी हात धरला. म्हणाले, बघ.
फादरांनी विचारलं, सांगितलंस? म्हटलं, सांगितलं. काकांना पटलं का, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर देणं बंधनकारक आहे का, पुस्तिकेत सापडत नाही.

२६ मार्च, बुधवार.
मशीनवर आठ काचा फुकट. अंगठ्याला पट्टी. वही दहा दिवस आखली नाही. रकाने रिकामे ठेवण्यापेक्षा न आखलेले बरे.

५ एप्रिल, शनिवार. सं. ७.
काका आले, गिऱ्हाईक म्हणून. म्हणाले, घरी बसून पेपर वाचतो, पण डोकं उठतं, नंबर वाढवून दे. मालक म्हणाले, डॉक्टरकडे जा. काका म्हणाले, कशाला, हाच तपासेल, याच्यावर माझा विश्वास आहे.
पडद्यामागे बसले. पुन्हा छापखान्याचं नाव. या वेळी चष्म्यासकट, डोळे बारीक करून.
सुचलं. झिरो नंबरची काच घालायची. डोकं थांबेल, दिसेल स्वच्छ, कोणाचं मन दुखणार नाही, नुकसानही भरून निघेल. एका कृत्याचे चार परिणाम आणि चारही चांगले. फादरांनी फळ्यावर लिहावं असं उदाहरण.
दोन महिन्यांत प्रथमच भूक लागली.

९ एप्रिल, बुधवार. सं. ७.
काका सकाळी अकराला आले. चष्मा लावला. दुकानभर बघितलं, रस्त्यावर बघितलं. म्हणाले, हे असं दिसायला हवं. मी म्हणत नव्हतो, नंबर वाढलाय? किती वाढवलास? मी म्हटलं, योग्य तेवढा.
योजना इथपर्यंत तंतोतंत.
त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसतापुसता काउंटरवरच्या कार्डाकडे बघून म्हणाले, अरे, आज नऊ तारीख ना? आठ लिहिलंयस.
खरंच आठ होते. कोपऱ्यातला छोटा चौकोन, माझं बारीक अक्षर, आणि कार्ड त्यांच्या बाजूने उलटं.
पेन हातात होतं. कोरी कार्डं समोर होती. हो म्हणून नवं कार्ड लिहायला दीड मिनिट लागलं असतं.
मी म्हटलं, काका, चष्मा तुमच्या हातात आहे.
त्यांनी हाताकडे बघितलं. मग कार्ड सुलट करून सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग विचारलं, त्या दिवशी तक्ता मी कुठपर्यंत वाचला होता? म्हटलं, शेवटपर्यंत. छापखान्याच्या नावासकट. आणि माझा नंबर? म्हटलं, नव्हताच.
ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा ट्रेमध्ये ठेवला, घडी घालून, काचा वर करून, जसा ठेवायचा असतो तसा. मी म्हटलं, मालक आत आहेत, आत्ता दोघं मिळून जाऊ. काका म्हणाले, तू जा. तुला शाबासकी देतील.
पायऱ्या सरळ उतरले. अंदाज चुकला नाही. मी कोरं कार्ड ओढलं होतं, तेवढ्यात बाहेरून म्हणाले, नवं लिहू नकोस. आहे त्याच्यावरच खोड.
खोडलं. आठावर नऊ. फार वाईट दिसतं.
मालकांकडे गेलो. या वेळी दोनच वाक्यांत सांगितलं.  मालक कार्ड हातात घेऊन खोडलेल्या आठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, काकांचं घर कुठे आहे, माहीत आहे ना तुला? उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. ते परत कामावर येतील असं वाटत नाही मला.
१२ फेब्रुवारीचं पान काढलं. अर्धी खूण पूर्ण केली. तिसऱ्या रकान्यात खूण केली. पेन धड चालत नव्हतं, दोनदा गिरवावी लागली.